मनी क्लिप घरीच करायची, तर दोन चुंबकं की एक चुंबक आणि पत्रा?

चामड्याची पट्टी मधोमध दुमडायची, टोकांत चुंबक शिवायचं, मध्ये नोटा ठेवायच्या. चुंबकाच्या मनी क्लिपची कृती एवढीच, त्यामुळे ती इथे पुन्हा उगाळत नाही. करायला बसलेला माणूस अडतो तो एकाच ठिकाणी. दोन्ही टोकांना चुंबक घालू, की एका टोकाला चुंबक आणि समोर नुसता लोखंडी पत्रा? मी दोन्ही करून खिशात वागवल्या आहेत, म्हणून चार शब्द.

काळ्या फेराइटचा, म्हणजे साध्या स्वस्त चुंबकाचा, विचार आधीच बाजूला ठेवा. पकड हवी म्हणून ते जाड घ्यावं लागतं आणि क्लिप पाकिटाइतकीच फुगते. चुंबक निओडिमियमचंच हवं, म्हणजे ते लहान पण जोरदार चकचकीत चुंबक. 20 × 10 × 2 मि.मी.ची निकेल चढवलेली पट्टी पुरते. जुन्या हार्ड डिस्कमधलं चुंबक फुकट मिळतं हे खरं, पण ते बाकदार असतं आणि पोलादी पत्र्याला चिकटवलेलं असतं. सुटं करायला जावं तर टवके उडतात. आणि तापवून सोडवू म्हणाल, तर साधं निओडिमियम 80 अंशांच्या पुढे जोर गमावू लागतं.

मापाची चिंता नको. क्लिप कापायचे परदेशी आराखडे इथे सरळ चालतात, कारण डॉलरची नोट साधारण 156 × 66 मि.मी. आणि आपली नवी पाचशेची 150 × 66. जुन्या 73 मि.मी. रुंद पाचशेच्या काळात हे जमलं नसतं.

आता दोन चुंबकांची बाजू. पकड त्यांचीच जास्त, यात वाद नाही. अंतर वाढलं की चुंबकाची ओढ झपाट्याने पडते, पण दोन्हीकडून ओढ असेल तर जाड गड्डीतही टोकं एकमेकांना सोडत नाहीत. शिवाय मिटताना ती आपोआप समोरासमोर येतात आणि टक् करून बसतात. तो आवाज ऐकायला मलाही आवडतो. शिवण्याआधी एकमेकांना ओढणाऱ्या बाजूंवर मार्करने खूण मात्र करायची. चुंबक उलटं गेलं तर टाके उसवण्यावाचून इलाज नाही.

पत्र्याच्या क्लिपमध्ये हे सुख नाही. टोक थोडं इकडेतिकडे सरकतं, म्हणून पत्रा चुंबकापेक्षा सगळीकडून दोन-तीन मि.मी. मोठा कापायचा. जाड गड्डी घातली की पकड ढिली पडते, हेही मान्य.

मग दोन चुंबकांचं अडलं कुठे? सुट्या पैशांत. आजची 1 आणि 2 रुपयांची नाणी फेरिटिक स्टेनलेस स्टीलची असतात, म्हणजे 83 टक्के लोखंड आणि बाकी क्रोमियम. पाचाचं पिवळं नाणं चुंबकाकडे ढुंकून बघत नाही, पण रुपया-दोन रुपये उडी मारून चिकटतात. दोन चुंबकांच्या क्लिपला दोन्ही बाहेरच्या बाजूंनी ओढ असते. बसमध्ये कंडक्टरपुढे क्लिप काढावी, तर पाठीला एक रुपया, पोटाला स्कूटरच्या किल्लीची कडी. नोट ओढताना रुपया सुटतो आणि सीटखाली घरंगळतो. मागचे खोळंबतात, कंडक्टर "सुटे द्या" म्हणतो आणि सुटे तर सीटखाली असतात. एकदा झालं तर हसून सोडून द्यावं, पण हे रोजचं झालं. क्लिप लॅपटॉपच्या कडेला ठेवली तर स्क्रीन विझायची (झाकण मिटलं असं त्यातल्या सेन्सरला वाटतं) आणि फोनवरच्या नकाशातला दिशेचा बाण भरकटायचा. ते चालवून घेता आलं असतं. नाण्यांचं नाही.

पत्र्याची करामत इथे दिसते. चुंबकाच्या पाठीलाही तसाच एक पत्रा लावला, की मागे वाया जाणारी ओढ पत्र्यातून वळून आतल्या अंगाला येते. पुढची पकड थोडी वाढते आणि बाहेरची बाजू बरीच निवते. अगदी मेलेली म्हणणार नाही. एखादं नाणं अजूनही रेंगाळतं, पण खिशातून बाहेर येईपर्यंत टिकत नाही, निदान माझ्या खिशात तरी. दोन्ही चुंबकांच्या पाठीला पत्रे लावता येतीलच, पण मग चामडं सोडून जाडी सहा मि.मी.वर जाते. एका चुंबकाची चारात भागते.

पत्रा स्वयंपाकघरातून उचलू नका. बरीचशी भांडी ज्या स्टीलची असतात त्याला चुंबक धड धरत नाही. फॅब्रिकेशनवाल्याकडून एम.एस.चा (माइल्ड स्टील, म्हणजे साधं पोलाद) 1 मि.मी. जाडीचा तुकडा आणावा, कडा कानशीने मारून घ्याव्यात आणि नेलपॉलिशचे दोन हात द्यावेत, नाहीतर पावसाळ्यात गंज चामड्यावर उमटतो. आतल्या बाजूचं चामडं शक्य तितकं पातळ ठेवा. पकडीचा निम्मा हिशेब तिथेच असतो. आरी चालवायची सवय नसेल तर चप्पल शिवणाऱ्याकडून टाके घालून घ्यावेत, ते आपल्यापेक्षा सरळ येतात.

कार्डाबद्दल हमखास विचारलं जातं. चिपला चुंबकाने काही होत नाही, पण मागची काळी पट्टी अजून असतेच, तेव्हा कार्ड वेगळ्या खिशात बरं. आणि हे दोन्ही प्रकारांना लागू: पेसमेकर असलेल्यांनी क्लिप शर्टाच्या खिशात ठेवू नये आणि सुटी चुंबकं लहान मुलांच्या हाती लागू देऊ नयेत. दोन गिळली गेली तर ती आतड्याला मध्ये चिमटतात.

बाजारात बसणारे, दिवसभर रोखीत व्यवहार करणारे असाल तर दोन चुंबकंच घ्या, माझं ऐकू नका. पण यूपीआय आल्यापासून आपल्यातल्या बहुतेकांच्या खिशात आठ-दहा नोटांच्या वर असतं काय? तेवढ्याला पत्रा पुरून उरतो, असं मला आपलं वाटतं. तरीही ठरत नसेल तर चामडं कापण्याआधी दोन्ही जोड्या जाड कागदात टेपने गुंडाळून थोडे दिवस वापरून बघा. त्या दिवसांत खिशात रुपया-दोन रुपयांची चिल्लर मुद्दाम असू द्या.