अ‍ॅक्टिव्ह बास आणि ९ व्होल्टची बॅटरी : तेरा महिन्यांचा अनुभव

माझ्या पाच तारांच्या अ‍ॅक्टिव्ह बासचे, म्हणजे आत बॅटरीवर चालणारा प्रीअ‍ॅम्प (आवाज वाढवून घडवणारे सर्किट) असलेल्या बास गिटारचे, नाव मी येथे देत नाही, कारण ज्या त्रासामुळे हे लिहितो आहे तो बासचा नव्हता. वाद्याच्या सुराबद्दल, गळ्याबद्दल आणि वजनाबद्दल मी पूर्ण समाधानी आहे, तेव्हा थेट बॅटरीविषयीच लिहितो.

रोज सुमारे दीड तास वाजवूनही पहिली अल्कलाइन बॅटरी सात महिने चालली. ती संपण्याच्या सुमारास जॅक (केबल खोचण्याची जागा) खिळखिळा झाला म्हणून दुकानात बदलून घेतला, आणि त्यानंतर नवी बॅटरी दोन आठवड्यांत उतरली. ऐन तालमीत सर्वांत जाड तारेचा आवाज फाटू लागला, तेव्हा मला बॅटरी बनावट असल्याची शंका आली. दुसऱ्या दुकानातून आणलेली बॅटरीही तितकेच दिवस टिकली, आणि तिसरीचेही तेच झाले. चांगली अल्कलाइन बॅटरी स्वस्त मिळत नाही, त्यामुळे दीड महिन्यात तीन फेकून देणे मला फार लागले. दुरुस्ती करणाऱ्या दुकानात विचारले तर ‘अ‍ॅक्टिव्ह बास बॅटरी खातोच’ असे उत्तर मिळाले. १९७६ साली आलेल्या म्युझिक मॅन स्टिंगरे या अ‍ॅक्टिव्ह बासच्या काळापासून वादक एका ९ व्होल्टच्या बॅटरीवर महिनोन्महिने काढत आले आहेत, म्हणून हे उत्तर मला मान्य झाले नाही.

मग मी बॅटरीची क्लिप तिरकी करून तिचे एकच टोक बसवले आणि उरलेल्या दोन टोकांमध्ये मल्टिमीटर मिलिअ‍ॅम्पियरवर ठेवून लावला. बासमध्ये केबल नसताना तेथे शून्य दिसायला हवे होते, पण १.२ मिलिअ‍ॅम्पियर दिसले आणि केबल लावल्यावरही आकडा तोच राहिला. अ‍ॅक्टिव्ह बासचा जॅक स्टिरिओ, म्हणजे तीन संपर्कांचा, असतो. बॅटरीची काळी तार त्याच्या मधल्या संपर्काला जोडलेली असते आणि साधी मोनो केबल आत गेली की तो संपर्क अर्थिंगला टेकून प्रीअ‍ॅम्प सुरू होतो. दुकानाने मोनो जॅक बसवून काळी तार सरळ अर्थिंगलाच सोल्डर केली होती. त्यामुळे दिवसाला जवळजवळ २९ मिलिअ‍ॅम्पियर-तास जात होते, आणि अल्कलाइन बॅटरीत साधारण ५०० असतात. मीटर दाखवल्यावर दुकानाने स्टिरिओ जॅक विनामूल्य बसवून दिला, पण वाया गेलेल्या तीन बॅटऱ्यांचे पैसे दिले नाहीत, याचा राग अजून आहे.

मीटर हाती होताच, म्हणून पॅसिव्हचे, म्हणजे प्रीअ‍ॅम्पशिवाय वाजवण्याचे, बटण दाबूनही पाहिले. बॅटरी वाचावी म्हणून मी कित्येक महिने सराव पॅसिव्हवरच करत होतो. पण माझ्या बासमध्ये ते बटण केवळ प्रीअ‍ॅम्पला वळसा घालते, बॅटरी तोडत नाही, आणि १.२ चा आकडा तसाच राहिला. प्रत्येक बासची जोडणी वेगळी असते, त्यामुळे आपल्या बासवर हे स्वतः मोजून पाहावे. केबल काढणे हाच माझ्यासाठी खरा उपाय ठरला, आणि वायरलेस ट्रान्समीटर वापरणाऱ्यांनी तोही बंद करून न थांबता जॅकमधून उपसून ठेवावा, कारण प्लग आत असेपर्यंत प्रीअ‍ॅम्प सुरूच राहतो.

यूएसबीवर चार्ज होणारी लिथियम बॅटरी आधी मला आदर्श वाटली होती, पण ते मत बदलावे लागले. तिच्यातील कमी व्होल्टेज वाढवून ९ करणाऱ्या सर्किटची बारीक शीळ हेडफोनवर ऐकू येते, आणि ती संपते तेव्हा पूर्वसूचना न देता एकदम बंद पडते. अल्कलाइनचा व्होल्टेज हळूहळू उतरतो, म्हणून मी महिन्यातून एकदा तो मोजतो. माझ्या बासचा आवाज ७ व्होल्टच्या खाली फाटतो. बास दोन-तीन महिने कपाटात राहणार असेल तर बॅटरी काढूनच ठेवतो, कारण ती पाझरली तर क्लिप आणि तारा गंजतात.

स्टिरिओ जॅक बसवल्यावर घातलेल्या बॅटरीला आज चार महिने झाले असून काल ती ८.१ व्होल्ट दाखवत होती.