नाव एक, गावे दोन : बेळगावातील एका पार्सल सेवेविषयी

बेळगावातून गावोगावी सामान पोहोचविणाऱ्या या पार्सल सेवेचे दर वाजवी आहेत आणि सामानाची बांधणीही भक्कम असते. मात्र तिच्या ॲपमधील गावांची यादी सीमाभागाला मुळीच साजेशी नाही. ‘बेळगाव’ असे लिहिल्यास काहीच सापडत नाही, कारण १ नोव्हेंबर २०१४ पासून लागू झालेले ‘बेळगावी’ हे सरकारी नाव तेवढे तिला ठाऊक आहे. गंमत अशी की, त्याच दिवशी विजयपुर झालेले विजापूर मात्र तेथे अजूनही जुन्याच नावाने नांदते आणि छत्तीसगडमधील बीजापूरच्या शेजारी जाऊन बसते.

खरी पंचाईत खानापूरची होते. बेळगाव जिल्ह्यातील खानापूर आणि सांगली जिल्ह्यातील, विटा हे मुख्य ठिकाण असलेल्या तालुक्याचे खानापूर, ही दोन्ही नावे जिल्ह्याच्या उल्लेखाविना एकाखाली एक दिसतात. परिणामी, लोंढ्याच्या वाटेवरील आमच्या नातलगांना धाडलेले लाडवांचे डबे विट्याकडे रवाना झाले. पिनकोड तपासणे हाच त्यावर भरवशाचा उपाय आहे : ५९१ ने सुरू होणारा आपल्याकडचा, ४१५ ने सुरू होणारा सांगलीकडचा.

काउंटरवरील कर्मचारी मराठी आणि कन्नड दोन्ही सफाईने बोलतात व गाव, तालुका, जिल्हा विचारून बिनचूक नोंद करतात, म्हणून पार्सल प्रत्यक्ष नेऊन देणेच मी पसंत करतो. पावती मात्र केवळ इंग्रजीत मिळते.