विश्रामबागमधील जिम्नॅस्टिक्स वर्ग : अनइव्हन बारच्या शिक्षणाचा अनुभव

सांगली-मिरज परिसरात कुस्तीच्या तालमींची आणि मल्लखांबाची परंपरा जुनी असली, तरी मुलीला अनइव्हन बार, म्हणजे कमी-जास्त उंचीच्या दोन आडव्या दांड्यांवरचा जिम्नॅस्टिक्सचा प्रकार, पद्धतशीर शिकवायचा म्हटले की बहुतेक पालकांना पुण्याचाच रस्ता दाखवला जातो. विश्रामबाग भागात पत्र्याच्या मोठ्या शेडमध्ये चालणाऱ्या एका खासगी वर्गात माझी मुलगी जाते. तिथल्या बारच्या शिकवणीविषयी सविस्तर लिहावे असे वाटले, कारण या वर्गाचे वेगळेपण तिथेच आहे. व्हॉल्ट, बीम आणि फ्लोअर हे उरलेले तिन्ही प्रकार तेथे ठीक शिकवले जातात, एवढेच म्हणता येईल.

स्पर्धेच्या मापाप्रमाणे खालचा बार 170 सेंटिमीटरवर आणि वरचा 250 सेंटिमीटरवर असतो. वर्गातील मुख्य जोडी याच मापाची आहे, आणि तिच्याशेजारी लहान मुलींच्या छातीइतक्या उंचीचा एक सुटा बार व जमिनीलगतचा एक बुटका बार ठेवलेला आहे. प्रत्यक्षात नव्या मुलींचा सारा वेळ या दोन साध्या बारांवर आणि गादीवरच जातो. पाठ किंचित गोल ठेवून, पोट आत ओढून, हात-पाय जमिनीपासून उचलून स्थिर राहणे जमल्याशिवाय कोणालाही झोका घेऊ दिला जात नाही. हे पाहून काही पालक कुरकुरतात. मला मात्र हा कडकपणा योग्य वाटतो, कारण कंबरेत ढिले पडलेले शरीर बारवर कोणतीही गोष्ट नीट करू शकत नाही.

पुढचा क्रमही विचारपूर्वक ठरवलेला आहे. पुलओव्हर, म्हणजे पाय वर घेऊन उलटे फिरत बारवर येणे, शिकताना मुलगी उतरत्या ठोकळ्यावर पाय मारून वर जाते आणि ठोकळा हळूहळू दूर सरकवला जातो. कास्टसाठी, म्हणजे बारवर सरळ हातांनी टेकून पाय मागे वर फेकण्यासाठी, आधी जमिनीवर हात टेकून खांदे मनगटांच्या पुढे नेण्याचा सराव होतो, मग पाय खोक्यावर ठेवून तोच सराव बुटक्या बारवर, आणि त्यानंतरच खऱ्या बारवरून पाय मागे उचलले जातात. खांदे मागे राहिले तर पाय कितीही जोरात फेकले तरी शरीर वर जात नाही, ही गोष्ट मुलींना सांगावी लागत नाही. त्या खोक्यावरच ती त्यांच्या ध्यानात येते.

या वर्गाचे खरे कौशल्य किप, म्हणजे बारला लटकून झोका घेत सरळ हातांनी बारवर येणे, शिकवताना दिसते. अनेक ठिकाणी मुलींना एकामागून एक प्रयत्न करायला लावतात आणि एखाद्या दिवशी योगायोगाने किप जमली की ती आली असे समजतात. येथे तिचे तुकडे पाडले आहेत. आधी नुसता ग्लाइड, म्हणजे पाय जमिनीला न लागू देता शरीर पुढे पूर्ण लांबवणे. उंच मुलींना त्यासाठी पाय फाकवण्याची मुभा आहे. शरीर लांबल्यानंतर, झोका परत फिरताना, पायाची बोटे बारकडे आणायची. मग कोपर न वाकवता, पायजमा वर ओढावा तसा बार घोट्यांपासून कंबरेपर्यंत पायांलगत सरकवायचा, आणि शेवटी मनगटे बारवर फिरवायची. या ओढीचा सराव गादीवर उताणे झोपून होतो. डोक्यामागच्या खांबाला रबरी पट्टा बांधलेला असतो आणि त्याला अडकवलेली काठी मुली सरळ हातांनी नडगीवरून मांडीपर्यंत आणतात. मुलीने एकदा विचारले, “ताई, आज किप करू ना?” त्यावर उत्तर आले, “आज फक्त ग्लाइड. बोटे लवकर आणतेस, आधी शरीर लांब होऊ दे.” दोष इतका नेमका सांगणारे प्रशिक्षक मी फार पाहिलेले नाहीत.

आधार देण्याची पद्धतही उल्लेखनीय आहे. प्रशिक्षिका आपला हात पाठीला लागणार की मांडीला, हे मुलीला आधी सांगतात, आणि पालकांना कोपऱ्यातल्या बाकावर बसून सराव पाहण्याची परवानगी आहे. तळहात लाल होऊन कातडी सुटू लागली की त्या दिवसापुरता बार बंद होतो. पावसाळ्यात कृष्णाकाठच्या दमट हवेत हात सारखे घसरतात. तेव्हा हाताला लावायची मॅग्नेशियम कार्बोनेटची भुकटी वाढवत नेण्याऐवजी बारवर साचलेला जुना थर ब्रशने घासून काढला जातो, आणि ते काम मोठ्या मुलींकडे असते.

उणिवाही आहेत. वरच्या बारखाली दोन जाड गाद्या जोडून टाकतात, परंतु त्या एकमेकींपासून सरकतात आणि उडी नेमकी सांध्यावर पडली तर घोटा मुरगळण्याची भीती असते. पट्ट्यांनी बांधून हे टाळणे सहज शक्य आहे. सांगूनही ते अजून झालेले नाही. संध्याकाळच्या तुकडीत गर्दी इतकी असते की मुख्य बारवर वाट्याला मोजक्याच पाळ्या येतात. शुल्क सांगलीच्या मानाने जास्त आहे आणि ते तिमाहीसाठी आगाऊ घेतले जाते.

त्याहून मोठी मर्यादा वरच्या टप्प्याची आहे. वरच्या बारवरचे झोके आणि हँडस्टँडकडे (हातांवर उलटे उभे राहण्याकडे) जाणारा कास्ट येथे उत्तम करून घेतात. स्पर्धेत हँडस्टँड उभ्या रेषेपासून 10 अंशांपर्यंतच बिनकपातीचा धरला जातो, हे मुलींना कोन दाखवून शिकवले जाते. जायंट, म्हणजे शरीर सरळ ठेवून बारभोवती पूर्ण फेरी, मात्र येथे शिकवत नाहीत, कारण त्यासाठी लागणारा हात बांधून फिरण्याचा पट्ट्यांचा बार आणि फोमचा खड्डा दोन्ही नाहीत. प्रशिक्षिका हे प्रवेशाच्या वेळीच स्पष्ट सांगतात. राज्य पातळीवर खेळण्याचा विचार असेल, तर किप आणि कास्ट पक्के झाल्यावर दुसरीकडे जाण्याची तयारी ठेवावी लागेल. सहा-सात वर्षांच्या मुलीची सुरुवात करायची असेल, तर सकाळच्या तुकडीत जागा मिळते का ते आधी विचारावे.