आमच्या उपसागराची तपासणी-पेटी : दोन वर्षांच्या वापरानंतर

पहाटे पावणेसहाला आम्ही उपसागरातल्या आठ ठिकाणचं पाणी आठ बाटल्यांत भरलं. रसायनं घातल्यावर सात बाटल्यांत कापसासारखा गडद तपकिरी साका धरला. आठवी बाटली नाल्याच्या मुखाशी भरलेली होती, तिच्यातला साका जेमतेम पिवळसर. मी शाळेच्या प्रयोगशाळेत तेवीस वर्षं काम केलंय. साका पांढराच राहिला तर पाण्यात ऑक्सिजन नाही, हे मला माहीत होतं, आणि ही बाटली त्याच्या जवळ चालली होती. मोजणी केल्यावर आकडा आला लिटरला १.८ मिलिग्रॅम. २ च्या खाली गेलं की मासे ती जागा सोडतात. तळाला चिकटलेल्या कालवांना, शिंपल्यांना जायला जागाच नसते.

त्याआधी तीन वर्षं आम्ही दर रविवारी किनाऱ्यावरचं प्लास्टिक, फाटकी जाळी, थर्मोकोल गोळा करत होतो. किनारा खरोखर स्वच्छ दिसू लागला होता. आणि तरी एका सकाळी भरतीबरोबर मेलेले मासे आले. त्या दिवशी पाणी तपासायची ही पेटी घ्यायचं ठरलं. म्हणून हा अभिप्राय सविस्तर लिहितेय. तुमच्याकडेही असा गट असेल तर पेटीत काय चांगलं आहे आणि काय स्वतःचं घालावं लागतं, ते आधी कळलेलं बरं.

पेटीत पाणी किती नितळ आहे ते बघायची सेकी तबकडी, पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन रसायनांनी मोजायचा विंकलर पद्धतीचा ऑक्सिजन संच, क्षारता बघायचं रिफ्रॅक्टोमीटर, थर्मामीटर, नायट्रेटच्या पट्ट्या आणि माहितीपुस्तिका येते.

तबकडी मला सगळ्यात आवडते. काळ्या-पांढऱ्या चार भागांची, २० सेंटीमीटर व्यासाची. पाण्यात सोडायची, दिसेनाशी होते ती खोली लिहायची, वर ओढताना पुन्हा दिसते ती लिहायची आणि दोन्हींची सरासरी घ्यायची. अँजेलो सेकी या इटालियन धर्मगुरू-खगोलशास्त्रज्ञानं १८६५ मध्ये भूमध्य समुद्रात तबकड्या सोडून पाहिल्या, आणि आजही तीच रीत चालते. अमेरिकेत पटक्संट नदीत बर्नी फाउलर हे मेरीलंड राज्याचे सिनेटर १९८८ पासून दरवर्षी लोकांना घेऊन पाण्यात उतरायचे आणि आपले पांढरे बूट किती खोलीपर्यंत दिसतात ते मोजायचे. लहान मुलांना मी हे सांगते, आणि मग तबकडी कोणी धरायची यावरून त्यांच्यात चढाओढ लागते.

पण पेटीतली दोरी बदला. नायलॉनची आहे आणि भिजली की ताणते. वर्षभरानं टेप लावून पाहिली तर ५ मीटरची खूण ५ मीटर ३० सेंटीमीटरवर गेलेली. म्हणजे आम्ही वर्षभर खोली कमी लिहीत होतो. आता फायबरग्लासची मोजपट्टी बांधली आहे. तबकडीखालचं वजनही अपुरं आहे. पाण्याला ओढ असली की दोरी तिरकी होते आणि खोली उगाच जास्त भरते. आम्ही स्टेनलेस स्टीलचं जादा वजन लावलं. एवढं केल्यावर मात्र या तबकडीची बरोबरी कुठलंही महाग यंत्र करेल असं मला वाटत नाही.

ऑक्सिजन संच उत्तम आहे, कारण तो नमुना जागीच बांधून ठेवतो. मँगनीज सल्फेट आणि अल्कलीयुक्त आयोडाइड घातलं की त्या क्षणीचा ऑक्सिजन साक्यात अडकतो. मग आम्ल घालून, स्टार्चची निळाई जाईपर्यंत थायोसल्फेट थेंबथेंब सोडायचं. मोजणी किनाऱ्यावर निवांत करता येते. बाटलीत हवेचा एक बुडबुडाही राहू द्यायचा नाही, एवढं पथ्य. हातमोजे आणि चष्मा लागतोच, कारण अल्कलीचं द्रावण कातडी जाळतं. वापरलेलं पाणी आम्ही वेगळ्या कॅनमध्ये साठवतो. ते उपसागरात ओतणं तर कल्पनेतही बसत नाही.

माझी खरी तक्रार पुस्तिकेबद्दल आहे. पाण्यात जास्तीत जास्त किती ऑक्सिजन मावतो त्याचा त्यातला तक्ता फक्त गोड्या पाण्याचा आहे. २५ अंशाला गोड्या पाण्यात लिटरला ८.२६ मिलिग्रॅमपर्यंत ऑक्सिजन विरघळतो, पूर्ण खाऱ्या समुद्राच्या पाण्यात साधारण ६.७. आमच्या नव्या मुलांनी ६.५ चा आकडा गोड्या पाण्याच्या तक्त्यात पाहून ‘७९ टक्के’ लिहिलं होतं. खरं तर ते ९६ च्या आसपास. पेटीत रिफ्रॅक्टोमीटर द्यायचं आणि तक्ता खाऱ्या पाण्याचा द्यायचा नाही, हे मला पटत नाही.

दुसरं, पहाटेची वेळ का महत्त्वाची हे पुस्तिकेत एका ओळीत उरकलंय. दिवसा शेवाळ उन्हात ऑक्सिजन सोडतं. रात्री सगळेच श्वास घेतात, त्यामुळे उजाडायच्या आधी आकडा तळाला असतो. पहिले तीन महिने आम्ही अकरा वाजता मोजत होतो आणि ७, ८ असे आकडे बघून समाधानात होतो.

नायट्रेटच्या पट्ट्या घेऊ नका, म्हणजे त्यांच्यासाठी पेटी घेऊ नका. उपसागराच्या पाण्यात नायट्रेट असतं ते इतक्या कमी प्रमाणात की पट्टीचा रंग बदलतच नाही. पण तेवढंही शेवाळाला पुरतं, शेवाळानं पाणी गढुळतं आणि तळाच्या समुद्री गवताचा उजेड तुटतो. अमेरिकेत फ्लोरिडातल्या टाम्पा बे या उपसागरात सांडपाणी प्रकल्प सुधारून नायट्रोजन कमी केल्यावर पाणी निवळलं आणि २०१५ पर्यंत गवत ३८,००० एकरांच्या ठरवलेल्या लक्ष्यापलीकडे गेलं. पुढच्या वर्षांत ते पुन्हा घटलं, म्हणून तिथली माणसं अजून मोजतायत.

खोल पाण्याचा नमुना घ्यायचं साधन पेटीत नाही. आम्ही बूच ओढायची वजनदार बाटली बनवली होती, पण पाणी आत शिरताना बुडबुडे येतात आणि ऑक्सिजन जास्त दिसतो. दोन्ही बाजूंनी उघडी, खाली गेल्यावर बंद होणारी नळी वेगळी घ्यावी लागली.

आमची वही घेऊन संबंधित कार्यालयात गेलो तेव्हा पहिला प्रश्न आला, नमुना कोणी आणि किती वाजता घेतला? ते सगळं लिहिलेलं होतं. भरती-ओहोटीचा रकाना मात्र पुस्तिकेतल्या नमुना-पानावर नाही, तो आम्ही पेनानं आखलेला. त्यांच्या माणसांनी त्याच ठिकाणी पहाटे येऊन स्वतः मोजलं आणि नाल्यात मिसळणारी फुटलेली सांडपाण्याची वाहिनी सापडली. दुरुस्तीनंतर सात महिन्यांनी तिथे ऑक्सिजनचा आकडा ४.६ आला. तबकडी आधी ७० सेंटीमीटरवर दिसेनाशी व्हायची, आता १ मीटर १० ला होते. त्या सकाळी होडीवाले काका काही न बोलता तबकडी पुन्हा एकदा खाली सोडून बघत होते.

थायोसल्फेट आमचं पुढच्या महिन्यात संपतंय. हाच संच पुन्हा मागवणार आहे, दोरी आणि तक्ता आमचाच.