मारफानमध्ये बेंटॉल की डेव्हिड?

वडोदऱ्याच्या एका ताईंचा प्रश्न: भाचीला मारफान (शरीराच्या जोडऊती कमकुवत करणारा आनुवंशिक आजार), हृदयातून निघणाऱ्या महाधमनीचं मूळ फुगून ५ सेंमी रुंद, बेंटॉल आणि डेव्हिड यांपैकी कुठलं ऑपरेशन?

दोन्हींत फुगलेलं मूळ काढून डेक्रॉनची नळी बसते. बेंटॉलमध्ये यांत्रिक झडपही येते. ती सहसा जन्मभर टिकते, पण वॉरफरिन (रक्त गोठू न देणारं औषध) सुटत नाही. आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो याचं माप) साधारण २ ते ३ हवा. हिवाळ्यात उंधियूतली मेथी अचानक वाढली की आयएनआर उतरतो, झडपेवर गुठळी धरू शकते. भाजी सोडू नका, प्रमाण सारखं ठेवा. गरोदरपणात वॉरफरिन बाळाला घातक ठरू शकतं.

डेव्हिडमध्ये स्वतःचीच झडप नळीत शिवतात, जन्मभर वॉरफरिन लागत नाही. मात्र ती पुढे गळू लागली तर पुन्हा छाती उघडणं आलं. सर्जनचा हात बसलेला हवाच.

मूल हवंय, झडपेच्या पाकळ्या धड आहेत: डेव्हिड. पाकळ्या ताणून विरल्यात: बेंटॉल. उरलेल्या धमनीचं स्कॅन मात्र दोघांनाही नियमित.