ठोकळा बरा आहे, दोऱ्या मात्र म्हापशाच्या गरीच्या

मागच्या दिवाळीनंतर लॅबसाठी एक कॅलिब्रेशनचा ठोकळा मागवला होता, फॅन्टम म्हणतात त्याला, त्याच्याबद्दल लिहायचं कधीचं राहिलंय. विकणाऱ्याचं नाव टाकत नाही, फोनवर माणूस सरळ बोलला आणि निम्मी कटकट त्यानेच निस्तरली. पाचपैकी साडेतीन देतो, एक मार्क दोऱ्यांचा कापला आणि अर्धा स्क्रूचा, दोन्ही गोष्टी खाली येतीलच.

आधी हे लागतं कशाला ते सांगतो, नाहीतर घरच्यांसारखं तुम्हीही विचाराल की प्लास्टिकच्या तुकड्याला साडेअठरा हजार कशाचे रे. आमचं काम फोंड्याजवळच्या एका कॉलेजात चालतं, अल्ट्रासाऊंडचा प्रोब, म्हणजे अंगावर टेकवायचा दांडा, हातात धरायचा, वर कॅमेरा तो कुठे आहे ते बघतो, आणि प्रोबला दिसणारं चित्र आधी काढलेल्या सीटी स्कॅनवर बरोबर जागी बसवायचं. आता सीटीचा शून्य, म्हणजे मापं जिथून मोजायची ती जागा, एकीकडे, कॅमेऱ्याचा शून्य त्याच्या स्वतःच्या पोटात, आणि अल्ट्रासाऊंडचा शून्य स्क्रीनच्या कोपऱ्यात. एकाच भाटाची, म्हणजे माडांच्या बागेची, मापं तीन वारसांनी तीन वेगळ्या दगडांवरून घेतल्यासारखं झालं, प्रत्येकाचा कागद खरा, पण एकावर एक ठेवले की माडाची झाडं शेजाऱ्याच्या हद्दीत. हा ठोकळा म्हणजे तिघांनाही दिसणारा सामायिक दगड. प्रत्येकाच्या मापात त्याच्यावरचे मार्कर, म्हणजे खुणा, कुठे येतात ते काढायचं आणि एका मापातून दुसऱ्यात जायचं गणित बसवायचं. गणित जुनंच आहे, १९८७ साली अरुण, हुआंग आणि ब्लोस्टीन या तिघांनी दिलेलं, एका रेषेत नसलेले तीन बिंदू असले तरी भागतं.

ठोकळा आकाराने तीन पावांच्या लादीएवढा, पांढऱ्या पीएलएचा, म्हणजे थ्रीडी प्रिंटरवर छापायच्या प्लास्टिकचा. बाहेरून आठ खळगे, त्यात टोकदार काडी टेकवली की कॅमेऱ्याला जागा कळते. एका बाजूला स्टीलच्या ३ मिमीच्या गोळ्यांची पट्टी सीटीसाठी, ती काढली की तिथे व्हिटॅमिन ई च्या कॅप्सूल बसतात एमआरआयसाठी, कारण त्यातलं तेल एमआरआयच्या टी-वन प्रकारच्या चित्रात लख्ख दिसतं. मध्ये नायलॉनच्या दोऱ्या इंग्रजी एन अक्षरासारख्या ताणलेल्या, त्या अल्ट्रासाऊंडसाठी, तेव्हा ठोकळा पाण्यात बुडवायचा. खळगे आणि गोळ्या मुद्दाम वेड्यावाकड्या लावल्यात, एक कोपरा चक्क रिकामा, आणि ही खरंच चांगली गोष्ट, कारण सगळं सारख्या अंतरावर असेल तर ठोकळा उलटा ठेवूनही गणित खुशाल जुळतं आणि तुम्हाला पत्ता लागत नाही.

एन का, हे मला आधी कळलं नव्हतं आणि कळल्यावर मी खरंच दोन मिनिटं गप्प बसलो. अल्ट्रासाऊंड म्हणजे पातळ काप, तो एनला कुठेही कापला की तीन ठिपके दिसतात, बाजूचे दोन आणि मधला तिरप्या दोरीचा, मधला ठिपका कोणाकडे किती सरकलाय एवढं प्रमाण मोजलं की काप तिरप्या दोरीवर नेमका कुठे बसलाय ते समजतं, म्हणजे सपाट चित्रातून तिसरी दिशा मिळते. १९७८ साली युटा विद्यापीठात वैद्यकीय शिकणाऱ्या रसेल ब्राऊनला हे मेंदूच्या शस्त्रक्रियेच्या फ्रेमसाठी सुचलं होतं. तेव्हा सळया होत्या, आमच्याकडे दोऱ्या.

आणि याच दोऱ्यांनी पहिला घोळ घातला. पार्सल आलं तेव्हाच दोन ढिल्या होत्या, पाण्यात चार दिवस ठेवल्यावर आणखी एक सैल पडली, नायलॉन पाणी पितं आणि लांबतं हे आपल्याला गोव्यात कोणी शिकवायला नको. ढिली दोरी मध्ये मिलीमीटरभर खाली लोंबली की चित्रातला ठिपकाही तेवढाच खाली, आणि तुमचं सगळं गणित त्या ठिपक्यावर. विकणारा म्हणाला नवीन संच पाठवतो, पंधरा दिवस लागतील. तेवढं थांबायला वेळ नव्हता, म्हणून म्हापशाला शुक्रवारच्या बाजाराला गेलो तेव्हा मासेमारीचं सामान विकणाऱ्या दुकानात शिरलो आणि पॉइंट तीन मिमीची दोरी मागितली. दुकानदाराने विचारलं, खंय गरवपाक वता? म्हणजे गळ टाकून मासे पकडायला कुठे चाललास. मी म्हटलं, कॉलेजात. त्याने माझ्याकडे असं बघितलं की काय सांगू. पण रीळ एकदम मस्त निघालं, जाडी सगळीकडे सारखी, आता प्रत्येक सत्राआधी रात्रभर पाण्यात भिजवून मग ताणतो, वरून चिमटीने वाजवून बघतो, तंबोऱ्यासारखा आवाज आला पाहिजे.

आता स्क्रूची गोष्ट. जाहिरातीत एमआरआयला चालतो असं लिहिलंय. गोळ्यांची पट्टी काढायची हे ठीक, पण पट्टी धरणारे चार स्क्रू ठोकळ्यातच राहतात, ते पितळेचे दिसतात म्हणून मीही सोडून दिलं असतं. आमच्या लॅबचे काका मात्र जुने खमके, म्हणाले आधी फ्रीजवरचं लोहचुंबक लाव बाबा. लावलं, टक्कन चिकटलं. वरून पितळी मुलामा, आत लोखंड. हे एमआरआयच्या खोलीत गेलं असतं तर काय झालं असतं यावर मी जास्त बोलत नाही. विकणाऱ्याने मान्य केलं आणि नायलॉनचे स्क्रू कुरियरने पाठवले, पैसे घेतले नाहीत, म्हणून अर्धाच मार्क कापला. तुम्ही कोणाचाही ठोकळा घ्या, चुंबक लावून बघा, फुकट काम आहे.

सीटी एका ओळखीच्या सेंटरात करून घेतला, रविवारी, पेशंट नसताना. पहिल्यांदा नेहमीच्या सवयीने त्यांनी ५ मिमीचे काप दिले, ३ मिमीची गोळी एका कापात पुसट डाग होऊन दिसते, तिचा मध्य कुठे शोधणार. परत जाऊन १ मिमीचे काढून आणले. टेक्निशियन दादाला आधीच सांगा हे, नंतर त्याची मनधरणी करावी लागते.

मग डाव्या-उजव्याचा गोंधळ. ठोकळ्याबरोबर पेन ड्राइव्हवर मार्करची यादी आणि एक तयार स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्रॅम, येते. स्क्रिप्ट डायकॉमच्या, म्हणजे स्कॅनची चित्रं साठवायच्या ठरलेल्या पद्धतीने चालते, म्हणजे पेशंटच्या डावीकडे, पाठीकडे आणि डोक्याकडे आकडे वाढतात, एलपीएस. आम्ही वापरतो थ्रीडी स्लायसर, स्कॅन बघायचं सॉफ्टवेअर, तो आतून आरएएस, उजवीकडे, पुढे आणि डोक्याकडे. पहिल्या दोन आकड्यांची चिन्हं बदलायची एवढंच, पण मॅन्युअलमध्ये याचं एक अक्षर नाही. आणि गंमत म्हणजे दोन्ही चिन्हं एकदम बदलली की ती साधी अर्धी गिरकी होते, आरशातलं उलटं चित्र होत नाही, त्यामुळे आरसा पकडणारी जी तपासणी गणितात असते ती गप्प राहते. चूक किती ते सांगणारा आकडा शून्याजवळ, स्क्रीनवर सगळं हिरवं, आणि काडी ठोकळ्याच्या डाव्या टोकाला टेकवली तर चित्रात उजवीकडे. दोन दिवस गेले यात, त्यातला अर्धा दिवस वीज नव्हती ते वेगळं.

या हिरव्या आकड्याबद्दलच मुख्य सांगायचंय. ठोकळ्याबरोबर एक छापील सर्टिफिकेट येतं, अचूकता ०.३ मिमी. हा आकडा म्हणजे गणित बसवल्यावर मार्कर एकमेकांवर किती जवळ बसले, बस. तुम्हाला हवी ती जागा, समजा लिव्हरमधली गाठ, तिथे चूक किती हे त्यातून कळत नाही, फिट्झपॅट्रिक नावाच्या संशोधकाने २००९ साली दाखवलंय की या दोघांचा संबंध लागत नाही. उलट मार्कर कमी केले की आकडा आणखी सुंदर होतो. प्रत्येक मार्कर शोधताना ०.५ मिमीची चूक धरली तर तीन मार्करवर सरासरी ०.२९ दिसणार आणि आठ मार्करवर ०.४३, म्हणजे जास्त मेहनत केली की आकडा खराब, खरी अचूकता मात्र वाढलेली. मी तीन जवळजवळचे मार्कर घेऊन बघितलं, सर्टिफिकेटसारखाच ०.३ आला, आणि १२ सेंमी लांब रोवलेली टाचणी ३ मिमीने चुकली. आठही घेतले तेव्हा आकडा वाढला आणि टाचणी मिलीमीटरच्या आत आली. ही टाचणी गणितात कधीच घ्यायची नाही, फक्त परीक्षेला ठेवायची. ठोकळ्यात अशी परीक्षेची खूण दिलेली नाही, आम्ही थर्माकोलमध्ये स्वतः केली.

पाण्याचाही असाच छुपा घोळ. मशीन धरून चालतं की आवाज सेकंदाला १५४० मीटर जातो, शरीरात साधारण जातोही, पण ३० अंशाच्या पाण्यात जातो १५०९ च्या आसपास. मग १० सेंमीवरची दोरी १०.२ वर दिसते, कॅलिब्रेशन ते गुपचूप पोटात घालतं, पाण्यात सगळं सुरेख जुळतं, आणि खऱ्या टिश्यूत गेल्यावर २ मिमीने कमी भरतं. मॅन्युअल म्हणतं खोलीच्या तापमानाचं पाणी घ्या. कोणाच्या खोलीच्या? २० अंशाच्या एसी खोलीत वेग १४८२, चूक जवळजवळ दुप्पट, म्हणजे आपला मे महिन्यातला उकाडा कधी नव्हे तो कामाला आला. पाणी ४८ अंशापर्यंत तापवलं तर १५४० मिळतो, पण पीएलए ६० च्या आसपास मऊ पडतं, मी एवढ्या जवळ जायला घाबरतो, थर्मामीटर घालून तापमान लिहितो आणि आकडा नंतर दुरुस्त करतो.

पीएलएवरून आठवलं, ठोकळा गाडीत ठेवू नका. माझा मित्र पणजीला फेरीबोटीच्या धक्क्याजवळ गाडी उन्हात लावून जेवायला गेला, त्याचा दुसरा ठोकळा होता, परत आला तर केळ्यासारखा वाकलेला.

घ्यायचा का? तुमच्याकडे चांगला प्रिंटर आणि धीर असेल तर प्लस नावाच्या फुकट सॉफ्टवेअरवाल्यांचं फॅन्टमचं डिझाइन उतरवून छापा, त्यांचं एफकॅल हे कॅलिब्रेशनचं सॉफ्टवेअरही फुकट आहे. नसेल तर हा घ्या, छपाई सफाईदार आहे, खळगे मी व्हर्नियरने मोजले, सांगितलेल्या जागेवर आहेत, आणि माणूस फोन उचलतो. आमचा उसना हवा असेल तर देतो, पण दोरीचं रीळ मोजून परत आणायचं, मागच्या वेळी नेणाऱ्याने ते खरंच मांडवीवर गरवायला वापरलं.