दुहेरी काचेच्या खिडक्या: घोडबंदर रस्त्याच्या कडेला नऊ महिने वापरल्यावर

जानेवारी ते सप्टेंबर, म्हणजे थोडी थंडी, पूर्ण उन्हाळा आणि जवळजवळ सगळा पावसाळा, या खिडक्या वापरात आहेत. ठाणे, नववा मजला. बेडरूमची खिडकी घोडबंदर रस्त्याकडे, हॉलची पश्चिमेला. दोन्हीकडे यूपीव्हीसीची (कडक प्लास्टिकची) चौकट आणि ५-१२-५ ची काच: बाहेर ५ मिमी, मध्ये १२ मिमी कोरड्या हवेची पोकळी, आत पुन्हा ५ मिमी. बेडरूमला बाहेर उघडणाऱ्या झडपा आहेत, हॉलला स्लायडिंग. काच एकच, चौकटी दोन प्रकारच्या, त्यामुळे काचेचं काम कुठे संपतं आणि चौकटीचं कुठे सुरू होतं ते स्पष्ट दिसतं.

आवाजासाठी खिडक्या बदलत असाल तर आधी फटी बघा. खिडकीच्या क्षेत्रफळाच्या १ टक्का जरी फट उरली, तरी काच कितीही भारी लावा, आवाजातली एकूण घट २० डेसिबलच्या आसपास अडकते. स्लायडिंगचा पल्ला सरकायला हवा म्हणून त्याच्या कडेला रबर दाबून बसवता येत नाही, तिथे लोकरीसारखा ब्रश असतो. दोन पल्ले एकमेकांवर येतात ती मधली उभी पट्टी आणि ट्रॅकचे कोपरे, आवाज इथूनच शिरतो. झडपेला चारही बाजूंनी रबर असतं आणि हँडल फिरवलं की तीन-चार ठिकाणच्या कड्या तिला चौकटीवर आवळून धरतात. हॉलमध्ये हॉर्न अजूनही टोचतो. बेडरूममध्ये तोच हॉर्न दोन गल्ल्या सोडून वाजल्यासारखा वाटतो.

रात्रीची घरघर मात्र बेडरूममध्येही पुरती जात नाही. न्हावा-शेवा बंदराकडून गुजरातकडे जाणारे कंटेनर गिअर बदलतात तो आवाज खालच्या पट्टीतला असतो. सारख्या जाडीच्या दोन काचा आणि मधली बंदिस्त हवा म्हणजे स्प्रिंगने जोडलेली दोन वजनंच. ५-१२-५ मध्ये ही जोडी २०० हर्ट्झच्या आसपास स्वतःच थरथरते, आणि जड डिझेल इंजिनाचा बराचसा आवाज त्या पट्ट्यात किंवा त्याच्या खाली येतो. प्रयोगशाळेतल्या आकड्यांतही दुहेरी काचेचा फायदा थोडाच दिसतो: ६ मिमीची एकेरी काच आवाज ३१-३२ डेसिबलने कमी करते, ६-१२-६ ची दुहेरी ३३ च्या आसपास. कानाला आवाज निम्मा वाटायला सुमारे १० डेसिबलची घट लागते. म्हणजे बेडरूममध्ये जी शांतता मिळाली, तिचं श्रेय मुख्यतः रबराला आणि कड्यांना आहे.

मोठ्या रस्त्यावर घर असेल तर दोन्ही काचा सारख्या जाडीच्या घेऊ नका. बाहेर ६ मिमी आणि आत ८.७६ मिमीची लॅमिनेटेड, म्हणजे दोन पातळ काचांमध्ये प्लास्टिकचा थर चिकटवलेली, ही जोडी कितीतरी चांगली. जाड्या वेगळ्या असल्या की दोन्ही काचा एकाच सुरावर थरथरत नाहीत, आणि लॅमिनेटेडमधला प्लास्टिकचा थर कंप शोषून घेतो. खालच्या पट्टीतल्या आवाजासाठी याहूनही परिणामकारक उपाय म्हणजे आहे ती खिडकी तशीच ठेवून आतल्या मार्बलच्या पट्टीवर दुसरी स्वतंत्र खिडकी बसवणं. दोन्हींत ७५ ते १०० मिमी अंतर हवं. भिंत ९ इंची असेल तर जागा सहज निघते, ६ इंचीत ओढाताण होते. ज्यांच्या खिडकीला लागूनच लोखंडी ग्रिल आहे, त्यांची झडप बाहेर उघडणारच नाही. त्यांनी हा पर्याय आधी बघावा.

आता ऊन. इथे सर्वांत जास्त गैरसमज आहेत, म्हणून हिशेबच मांडते. ५ फूट बाय ४ फुटांची खिडकी म्हणजे १.८६ चौरस मीटर. बाहेर ३६ अंश, आत २६. साध्या काचेतून दर चौरस मीटरला प्रत्येक अंशामागे साधारण ५.८ वॉट उष्णता आत येते, दुहेरीतून २.८. वाचले ३ वॉट. १.८६ गुणिले ३ गुणिले १०, म्हणजे ५६ वॉट. हाच फरक रात्रभर ८ तास धरला, तरी उष्णता वाचते अर्ध्या युनिटहून कमी. एसी विजेच्या एका युनिटमध्ये तीन-साडेतीन युनिट उष्णता बाहेर टाकतो, त्यामुळे विजेची बचत एका युनिटचा जेमतेम सातवा-आठवा भाग.

संध्याकाळी चार वाजता याच खिडकीवर पश्चिमेचं ऊन थेट पडतं. चौरस मीटरला ६०० वॉट धरलं, तर साध्या काचेतून सुमारे ९०० वॉट आत येतात. साध्या पारदर्शक दुहेरी काचेतून ७८० च्या आसपास. हॉलमध्ये एप्रिल-मेमध्ये नेमकं हेच अनुभवाला आलं: काचेला हात लावला तर ती पूर्वीइतकी तापलेली नसते, पण सोफ्यावर पडणारं ऊन तितकंच भाजतं. ऊन अडवायचं असेल तर सोलर-कंट्रोल लो-ई लेप (उन्हाची उष्णता परतवणारा अतिशय पातळ थर) असलेली काच हवी. तिच्यातून साधारण ३० टक्केच उष्णता आत येते, म्हणजे इथे ३३५ वॉट. किंवा बाहेरच्या बाजूने बांबूची चिक लावा, छज्जा वाढवता येत असेल तर वाढवा. आतला पडदा फारसं काही करत नाही, कारण तोवर ऊन काचेच्या आत आलेलं असतं. शिवाय जाड गडद पडदा काचेला चिकटून राहिला किंवा आतून फिल्म चिकटवली, तर काच मध्यभागी तापते, कडा थंड राहतात आणि टफन (तापवून मजबूत) न केलेली काच कडेपासून तडकू शकते.

पावसाळ्याने दोन गोष्टी शिकवल्या. एसी २२ वर ठेवला की जुन्या एकेरी काचेला रात्री बाहेरून घाम फुटायचा आणि पाणी चौकटीत उतरायचं. आता बाहेरची काच फारशी गार होत नाही, त्यामुळे हे थांबलं. दुसरी गोष्ट स्लायडिंगच्या ट्रॅकची. नवव्या मजल्यावर वाऱ्याचा दाब पाण्याला ट्रॅकमध्ये ढकलतो, आणि ते बाहेर जाण्यासाठी चौकटीत खाली छोट्या खाचा असतात. त्या धुळीने बुजल्या की पाणी आतल्या कडेवरून घरात येतं. मे अखेरीस ट्रॅक ब्रशने झाडून, खाचा काडीने मोकळ्या करून, तांब्याभर पाणी ओतून ते बाहेर पडतं का ते पाहिलंच पाहिजे. प्रश्न फक्त ओल्या फरशीचा नाही. काच चौकटीत प्लास्टिकच्या ठोकळ्यांवर उभी असते, ती सतत पाण्यात राहिली की तिच्या कडेचं सील सुटतं. मग पोकळीत बाष्प शिरतं, स्पेसरमधले (दोन काचांत अंतर राखणाऱ्या पट्टीतले) ओलावा शोषणारे दाणे भरून जातात आणि दोन काचांच्या मध्ये धुकं दिसायला लागतं. ते पुसता येत नाही. काचेचं ते अख्खं युनिट बदलावं लागतं.

घट्ट बंद होणाऱ्या खिडक्यांची एक बाजू फार गांभीर्याने घ्यायला हवी. स्प्लिट एसी खोलीतलीच हवा फिरवतो, बाहेरची आणत नाही. रात्रभर सगळं बंद असलं की सकाळी डोकं जड वाटतं. दाराखालची फट ठेवा आणि घरातली दुसरी एखादी खिडकी किलकिली असू द्या. घरात ओले कपडे वाळत असतील तर कपाटामागे बुरशी धरते. आणि बाथरूममध्ये गॅस गीझर असेल, तर तिथले लुव्हर्स (हवेसाठीच्या तिरक्या पट्ट्या) बंद करायचे नाहीत. गॅसला हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला वास नसतो, आणि माणूस अंघोळ करता करता कोसळतो.

ऑर्डर देताना जाडी, पोकळी, लेप कोणत्या बाजूला आणि सिलिकॉन कोणतं, हे कोटेशनवर लिहून घ्या. २२ मिमीचं युनिट अॅल्युमिनियमच्या जुन्या साध्या सेक्शनमध्ये बसत नाही, चौकट बदलावीच लागते. काचेचं वजन मिमीमागे चौरस मीटरला अडीच किलो. वरच्या मापाच्या दोन पल्ल्यांच्या स्लायडिंगमध्ये एका पल्ल्याची नुसती काच २३ किलोच्या आसपास भरते, तेव्हा रोलर त्या वजनाचे मागा. हलके रोलर वर्षभरात दबतात आणि पल्ला घासायला लागतो. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन युनिटच्या सीलला आणि लॅमिनेशनला मारक ठरतं, न्यूट्रल क्युअरचंच हवं. काच आली की पोकळीत बोटांचे ठसे किंवा धूळ दिसते का ते बसवण्याआधी पाहा. लायटर पेटवून काचेसमोर धरला की ज्योतीची चार प्रतिबिंबं दिसतात. त्यातलं एक वेगळ्या रंगाचं असेल तर लेप आहे, आणि आपल्या हवामानात ते बाहेरून दुसरं असावं. महाबळेश्वर-पाचगणीच्या घरासाठी किनाऱ्यालगत बनलेली युनिटं नेणार असाल तर कारखान्याला आधी सांगा. तिथे हवेचा दाब सुमारे १५ टक्के कमी, त्यामुळे बंद पोकळी फुगते आणि काचा बाहेरच्या बाजूला वाकतात.

ज्यांच्या खिडक्या रात्री एसीसाठी किंवा रस्त्यासाठी बंदच असतात, त्यांना या खिडक्या मानवतात. कोकणात वाऱ्यासाठी खिडकी दिवसभर उघडी असते, नागपूर-अकोल्याकडे डेझर्ट कूलर चालवायचा तर हवा बाहेर जायला ती उघडीच लागते. तिथे हा पैसा छज्जा, चिक आणि मच्छरजाळीवर घालवलेला बरा.

पैसे देण्याआधी एक रात्र एवढं करून बघा. बेडरूमच्या खिडकीच्या सगळ्या फटींवर आतून रुंद चिकटपट्टी लावा, एसीच्या पाइपचं भोक कापडाने गच्च बुजवा, दाराखाली टॉवेल गुंडाळून ठेवा. आवाज लगेच उतरला तर झडपेची चौकट आणि चांगलं रबर एवढ्यावर बरंच काम होईल, साध्या ६ मिमी काचेतही. हॉर्न गेला आणि घरघर उरली तर जाड-पातळ लॅमिनेटेड जोडी किंवा आतली दुसरी खिडकी. काहीच फरक पडला नाही तर आवाज भिंतीतून, बाथरूमच्या लुव्हर्समधून किंवा हॉलकडून येतोय, आणि तो रस्ता सापडेपर्यंत काचवाल्याला बोलावू नका.